जिवंत पानाच्या आहेर मॅडम

आमच्या वनस्पतिशास्त्र विभागात सहा माणसं होती. त्यांपैकी पाच जणांविषयी आहेर मॅडमचं ठाम मत होतं, की त्यांच्या चकत्या पाडून द्रावणात बुडवल्या तरी गुलाबी रंग येणार नाही. सहाव्या त्या स्वतः. हे मत त्यांनी कधी लपवलं नाही. स्टाफरूममध्ये, चहाचा कप हातात धरून, पाचही जण समोर बसलेले असताना त्या ते सांगत आणि वर विचारत, "साखर कुणी टाकली यात? कमी आहे." त्या पाचांत मी होतो, आणि पुढे जे घडलं ते पाहता मॅडमचं निदान चुकलं होतं असं मला म्हणवत नाही.

गुलाबी रंगाचं आधी सांगायला हवं. झाड जमिनीतून नायट्रेट शोषतं. त्याची प्रथिनं होईपर्यंत बऱ्याच पायऱ्या असतात, त्यातली पहिली पायरी एक एन्झाइम पार पाडतं. ते किती जोरात काम करतंय हे मोजणं हा मॅडमचा आयुष्यभराचा उद्योग. पान खुडायचं, कॉर्क बोअरर नावाच्या धारदार नळीनं त्याच्या टिकलीएवढ्या चकत्या पाडायच्या, त्या नायट्रेटच्या द्रावणात टाकायच्या. पंपानं चकत्यांमधली हवा ओढून घेतली की द्रावण आत शिरतं आणि चकत्या तळाशी बसतात. मग अर्धा तास अंधार. अंधारासाठी मॅडमनी घरून पत्र्याचा पिठाचा डबा आणला होता. त्याच्या कडांना पीठ शेवटपर्यंत लागलेलं होतं. अर्ध्या तासानं त्या पाण्यात दोन रसायनांचे थेंब टाकले की गुलाबी रंग चढतो. पान जेवढं कामसू, तेवढा रंग गडद. मेलेल्या पानाचं पाणी पाण्यासारखंच राहतं.

बाकीचे लोक पान बर्फावर ठेवलेल्या खलबत्त्यात वाटून त्यातलं एन्झाइम मोजतात. त्याला मॅडम 'पोस्टमॉर्टेम' म्हणत. "वाटलेल्या पानात एन्झाइम किती हजर आहे ते कळतं," त्या वर्गात सांगत. "जिवंत पानात ते काम किती करतंय ते कळतं. आपल्या कॉलेजात मस्टर आहे. ते पहिलं मोजमाप. दुसरं मोजमाप आपल्याकडे अजून कुणी सुरू केलेलं नाही." वर्ग हसायचा. बाहेर व्हरांड्यातून जाणारे उपप्राचार्य ऐकायचे आणि चालण्याचा वेग वाढवायचे.

मॅडम मूळच्या सटाण्याकडच्या. नाशकात तीस-बत्तीस वर्षं राहून त्यांची मराठी पुस्तकासारखी झाली होती, पण राग आला की खालून अहिराणी वर यायची. कुणी सकाळी खुडलेलं पान दुपारी आणून टेबलावर ठेवलं की मॅडम ते देठाला धरून उचलायच्या, उजेडात बघायच्या आणि म्हणायच्या, "हाई मरेल शे!" पानाचा अंत्यविधी तिथंच उरकायचा. विद्यार्थी इंदिरानगरचा असो की इगतपुरीचा, 'मरेल शे' या दोन शब्दांना भाषांतर लागत नसे.

राहायच्या त्या इंदिरानगरला. मिस्टर अंबडला एका कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला होते. म्हणजे नवरा-बायको दोघंही दिवसभर दुसऱ्याच्या मालातली खोट शोधत आणि संध्याकाळी एकत्र जेवत. त्यांच्याकडे जेवायला गेलेले लोक जपून जेवत. कॉलनीतल्या भाजीवाल्या बायका त्यांना 'खुडलीवाल्या मॅडम' म्हणत. कारण भाव विचारायच्या आधी मॅडम विचारत, "मेथी कधी खुडली?"

"आत्ता सकाळी, मॅडम. मखमलाबादहून आणली."

मॅडम एक काडी उचलून देठाशी मोडत, नखानं दाबत. "काल दुपारी. आणि रात्रभर गोणपाटाखाली."

बाई ओशाळून हसायची. मॅडम तरी तीच मेथी घेत. त्यांना ताजी मेथी हवी असायचीच असं नाही. खरं ऐकायचं असायचं. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

पान खुडायची वेळ सकाळी दहाची. सूर्य वर येऊन दोन-तीन तास झाले की हे एन्झाइम भरात असतं, रात्री ते झोपतं. त्यामुळे मॅडमचं सगळं आयुष्य दहा वाजण्याभोवती उभं होतं. दहाच्या मीटिंगला त्या कधी आल्या नाहीत. "दहा वाजता पान जागं असतं," त्या शिपायामार्फत निरोप पाठवत, "प्राचार्यांचं साडेअकरानंतर बघू." पुतणीच्या लग्नाचा मुहूर्त दहा वाजून काही मिनिटांचा होता. मॅडम पाऊण तास उशिरा आल्या. जरीच्या साडीच्या पदराला गुलाबी डाग, पर्समध्ये कॉर्क बोअरर. मुलीच्या सासूनं नाक मुरडलं. मॅडमनी तिचं बोलणं शांतपणे ऐकून घेतलं आणि मांडवाला बांधलेल्या केळीच्या पानाची एक चकती पाडून रुमालात ठेवली.

मी या विभागात आलो तो तासिका तत्त्वावर. म्हणजे दर वर्षी जूनमध्ये नेमणूक व्हायची आणि दर वर्षी मार्चमध्ये संपायची. पहिल्या दिवशी मॅडमनी नाव विचारलं. मी सांगितलं, "वाघ."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बरं," त्या म्हणाल्या. "असू दे."

मॅडम विद्यार्थ्यांच्या बाबतीत न्यायी होत्या असं निरोपाच्या भाषणात सगळे म्हणाले. खोटं आहे. त्या तापट होत्या, आणि तापट माणूस रोज न्यायी राहू शकत नाही. यमुना गावितचा प्रसंग मी स्वतः पाहिला आहे.

यमुना हरसूलजवळच्या पाड्यावरची. घरी भात आणि नागली, आई-वडील हंगाम संपला की गिरणाऱ्याकडे द्राक्षाच्या कामाला. तिच्या गावातून एमएस्सीला आलेली ती पहिलीच. बोलायची कमी, आणि बोलली की जमिनीकडे बघून. मॅडमनी तिला नागलीच्या रोपांचं काम दिलं होतं. आठवडाभर तिच्या नळ्यांना रंगच चढेना. रोज दहाला पान, रोज डबा, रोज थेंब, आणि पाणी जसंच्या तसं. सहाव्या दिवशी मॅडम सगळ्या वर्गासमोर कडाडल्या.

"किती वाजता खुडलं पान?"

"दहाला, मॅडम."

"खोटं! मरेल पान लई येस आनि माले शिकाडस?" मेलेलं पान आणतेस आणि वर मलाच शिकवतेस, असा त्याचा अर्थ. मग शुद्ध मराठीत, जे जास्त लागतं, "तुमच्याकडे वेळेला किंमत नसेल. इथे आहे."

'तुमच्याकडे' हा शब्द प्रयोगशाळेत तसाच लटकत राहिला. यमुनानं नळ्या धुतल्या, पालथ्या घातल्या, आणि गेली.

दुसऱ्या दिवशी ती मॅडमच्या आधी आली होती. तिनं दोन रांगा मांडल्या. एका रांगेत मॅडमनी करून ठेवलेल्या बाटलीतलं द्रावण, दुसऱ्या रांगेत तिनं स्वतः सकाळी नव्यानं केलेलं. पानं तीच, वेळ तीच. मॅडम आपली पानं खुडून येईपर्यंत एक रांग पाण्यासारखीच होती आणि दुसरी गुलबक्षीसारखी. बाटली मॅडमच्या हातची होती. तिच्यात मॅडम नायट्रेट टाकायलाच विसरल्या होत्या. पाहुण्यांना पंगतीत बसवून ताटात काही वाढलंच नाही, असा तो प्रकार.

मॅडमनी दोन्ही रांगांतल्या नळ्या एकेक करून उजेडात धरल्या. आम्ही सगळे कामात असल्याचं नाटक करत होतो. मॅडमनी यमुनाची प्रयोगवही ओढली, लाल पेन काढलं आणि सहा दिवसांच्या त्या कोऱ्या पानांवर, प्रत्येक पानावर वेगळं, लिहिलं: 'चूक माझी. सु. आहेर.' सहा वेळा. मग वही परत दिली आणि म्हणाल्या, "कालच का नाही बोललीस?"

यमुना जमिनीकडे बघत म्हणाली, "खात्री नव्हती ना, मॅडम. मोजल्याशिवाय कसं बोलायचं?"

त्यानंतर मॅडमनी तिला कधी नुसत्या नावानं हाक मारली नाही. "बाई" म्हणू लागल्या. गावाकडे मोठ्या माणसाला म्हणतात तसं.

प्राचार्यांचं आणि मॅडमचं बिनसलं ते पेढ्यावरून. कॉलेजात मूल्यांकन समिती येणार होती. महिनाभर आधीपासून भिंतींना रंग, कुंड्यांना गेरू आणि प्राध्यापकांना सूचना असं सगळं चाललं होतं. आमच्या विभागाचा मानाचा दागिना म्हणजे तीन वर्षांपूर्वी आलेलं नवं कोरं यंत्र, रंगाची तीव्रता मोजणारं. आलं त्या दिवशी त्याची पूजा झाली, फोटो निघाला आणि पुन्हा प्लास्टिक चढवलं गेलं, कारण 'एवढी महागाची वस्तू मुलांच्या हातात कशी द्यायची'. मॅडमचं काम जुन्या कलरीमीटरवरच चालत होतं. तो थोबाडीत मारल्यावर चालू व्हायचा.

समितीपुढे प्राचार्य उत्साहात म्हणाले, "आमच्या आहेर मॅडम या अत्याधुनिक यंत्रावर संशोधन करतात. मॅडम, दाखवा ना जरा."

मॅडमनी प्लास्टिक काढलं. नमुना ठेवायचं झाकण उघडलं. आत, जिथे काचेची नळी ठेवतात त्या खाचेत, पूजेच्या दिवशी कुणीतरी भक्तिभावानं ठेवलेला नैवेद्याचा पेढा होता. तीन वर्षांत त्याच्यावर हिरवट, काळी, मखमली बुरशी चढली होती. मॅडमनी तो चिमट्यानं उचलून समितीच्या अध्यक्षांसमोर धरला.

"सर, या यंत्रानं आजवर एवढी एकच जिवंत वस्तू पाहिली. वाढ उत्तम आहे. मोजू का?"

अध्यक्ष हसले. मग सगळी समिती हसली. प्राचार्यही हसले, पण त्यांचे कान हसले नाहीत, ते लाल झाले. हसणं विसरतात लोक. कान लाल झाले होते ते विसरत नाहीत.

आणि मग ते टॉनिक आलं.

एक कंपनी होती, पिकांवर फवारायचं टॉनिक बनवणारी. त्याच्या नावात 'गोल्ड' होतं एवढं सांगितलं तरी पुरे. कंपनीनं कॉलेजशी सामंजस्य करार केला. हार, शाली, फोटो. टॉनिकनं पानातलं काम वाढतं असा दाखला कॉलेजनं द्यायचा होता, आणि असलं मोजमाप जिल्ह्यात नीट करणारी बाई एकच होती. प्राचार्यांनी पेढा गिळला आणि मॅडमना बोलावलं.

मॅडम 'नाही' म्हणतील असं आम्हाला वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "मोजायला माझी काय हरकत?"

टोमॅटोची रोपं लावली. काहींवर नुसतं पाणी, काहींवर टॉनिक. आणि मॅडमनी आपल्या मनानं तिसरी रांग लावली, तिच्यावर बाजारात मिळणाऱ्या साध्या सोऱ्याचं पाणी. दोन महिने रोज दहा वाजता पानं खुडली गेली. नळ्या सांगत होत्या ते सरळ होतं. टॉनिकनं रंग वाढला. सोऱ्याच्या पाण्यानंही तेवढाच वाढला. सोरा म्हणजे नायट्रेटच. टॉनिकमध्येही तेच होतं, बस. नायट्रेट आलं की एन्झाइम जागं होतं. "पाहुणे आले की चुलीवर भांडं चढतं," मॅडम म्हणाल्या. "पाहुणे कुठल्या गाडीतून उतरले, त्याच्याशी चुलीला काय करायचंय?"

अहवालात दोन परिच्छेद होते. पहिला: टॉनिक फवारल्यावर पानातली क्रियाशीलता वाढते. दुसरा: साध्या सोऱ्यानंही तेवढीच वाढते, टॉनिकचा वेगळा गुण दिसला नाही, आणि प्रमाण वाढवलं तर पानांच्या कडा करपतात. मॅडमनी हातानं लिहून दिला. टाइप मी केला, कारण विभागात मराठी टायपिंग मलाच यायचं.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. बसा म्हणाले. तासिका तत्त्वावरच्या माणसाला केबिनमध्ये बसा म्हटलं की समजावं.

"वाघ सर, अहवाल लांबलाय."

"दोनच परिच्छेद आहेत, सर."

"तेच म्हणतोय." त्यांनी समोरची फाइल सरळ केली. "कंपनीला पहिल्या परिच्छेदाचं काम आहे. पहिला खरा आहे ना?"

"खरा आहे, सर."

"मग झालं. खोटं कुठं लिहायचंय? पुढच्या वर्षीच्या नेमणुकांची यादी करतोय मी. आपलं नाव घेतोच आहे."

मॅडमची सही विभागाच्या संगणकात स्कॅन करून ठेवलेली होती, हजेरीच्या याद्यांना लागायची म्हणून. मी दुसरा परिच्छेद निवडला आणि काढून टाकला. सही उचलून पहिल्याखाली ठेवली. सगळं मिळून एक मिनिट लागलं. पंखा चालू होता, बाहेर पोरं क्रिकेट खेळत होती, कुठंही काही पडलं-झडलं नाही.

दोन-तीन महिन्यांनी यमुनाचा मॅडमना व्हॉट्सॲप आला. ती तेव्हा हरसूलकडच्या एका आश्रमशाळेत शिकवायला लागली होती. फोटोत एका कृषी सेवा केंद्राची भिंत होती आणि भिंतीवर टॉनिकचं पत्रक. पत्रकावर सोनेरी बाटली, खाली मॅडमची सही, आणि शेजारी मॅडमचा फोटो, कॉलेजच्या वेबसाइटवरून उचललेला. त्या फोटोत मॅडम रागावलेल्या होत्या, कारण फोटोग्राफर दहा वाजता आला होता. इतका संतापलेला चेहरा लावून आजवर कुणी काही विकलं नसेल. पण ते विकलं जात होतं. खाली यमुनानं लिहिलं होतं: 'मॅडम, बाबांनी तुमचा फोटो बघून घेतलं. चांगलं म्हणून दुप्पट मारलं. टोमॅटोच्या कडा गेल्या.'

मॅडमनी फोन टेबलावर पालथा ठेवला. घड्याळात दहा वाजून गेले. त्या उठल्या नाहीत. त्या दिवशी पान खुडलं गेलं नाही. माझ्या आठवणीत पहिल्यांदाच. मग त्या प्राचार्यांकडे गेल्या. प्राचार्य म्हणाले, ऑफिसकडून काहीतरी चूक झाली असेल, आपण चौकशी करू. मॅडम परत आल्या आणि माझ्या टेबलापाशी थांबल्या.

"वाघ, हरसूलचा बाजार कोणत्या दिवशी असतो, जरा यमुनाबाईला विचारून सांग. आणि तू बरोबर येशील. सामान आहे."

बाजाराच्या दिवशी आम्ही सकाळच्या एसटीनं निघालो. यमुनानं आदल्या दिवशी टोमॅटोच्या तीन कुंड्यांवर फवारणी करून ठेवली होती: पाणी, टॉनिक, सोरा. बाजाराच्या कडेला, सुकी मासळी आणि मडकी विकणाऱ्यांच्या मधे, तिच्या शाळेचं एक बाकडं टाकलं होतं. विजेवर चालणारा पंप तिथं कुठला; म्हणून मॅडमनी इंजेक्शनच्या मोठ्या सिरिंजा आणल्या होत्या. सिरिंजमध्ये द्रावण आणि चकत्या भरायच्या, तोंडावर बोट दाबायचं आणि दांडा मागे ओढायचा. चकत्यांमधून बुडबुडे निघतात आणि त्या बुडतात. सिरिंजा बाहेर आल्या मात्र, दोन बायका पोरांना उचलून पळाल्या. त्यांना वाटलं लशीची बाई आली. मग काही पळाल्या म्हणून काही जमल्या. घटकाभरात शंभरेक माणसं गोळा झाली.

"दवा कशावरची हाय, बाई?" एकानं विचारलं.

"दवा नाही. मी काही विकत नाही."

हे ऐकून निम्मी माणसं निघून गेली. उरलेल्यांना मॅडमनी पान कसं जेवतं ते सांगितलं. पिठाचा डबा बंद करून माझ्या हातात दिला. अर्धा तास थांबायचं होतं. बाजारात माणसं अर्धा तास धरून ठेवणं हे कुणाला जमेल असं वाटत नव्हतं, पण मॅडमनी वर्गात करायच्या तेच केलं. एकाला तंबाखू थुंकून ये म्हणाल्या, एकाला उरलेली खरेदी नंतर कर म्हणाल्या, एका म्हाताऱ्याला त्याच्या टोपलीतली भाजी कालची आहे असं सांगितलं. म्हाताऱ्यानं मान्य केलं. लोक खूश झाले.

डबा उघडला, थेंब पडले. पाण्याच्या नळीत फिकट रंग. टॉनिकच्या नळीत गुलाबी. सोऱ्याच्या नळीतही तसाच गुलाबी. मॅडमनी दोन्ही नळ्या शेजारी-शेजारी उन्हात धरल्या.

मघाचा म्हातारा पुढे आला. डोळे बारीक करून त्यानं दोन्ही पाहिल्या. "दोनी सारखंच हाय की."

"सारखंच आहे."

"मंग त्या दुकानात फोटू कशाला लावला तुम्ही?"

"मी लावला नाही."

"पन तोंड तं तुमचंच हाय."

गर्दी हसली नाही. यमुनाचे वडीलही त्यात उभे होते. मॅडमनी नळ्या स्टँडमध्ये ठेवल्या. "हो," त्या म्हणाल्या. "तोंड माझं आहे. म्हणून तर आले. ते औषध माझं नाही. मी बोलले त्यातलं अर्धंच तिथं लिहिलंय. उरलेलं अर्धं आज बोलले. ज्यांचं नुकसान झालं, त्यांनी मला बोला. ऐकून घेते."

मी डबा छातीशी धरून उभा होतो. माझ्यापासून मॅडम दोन हातांवर होत्या. बोलायचं असतं तर ओरडावंही लागलं नसतं. मी डब्याचं झाकण पुन्हा नीट बसवलं.

त्यानंतर लोकांनी मॅडमना सोडलं नाही. एकानं कोंबड्यांचं औषध आणलं, एकीनं नवऱ्याच्या गुडघ्याचं तेल, "हे बी गुलाबी व्हतं का बघा." एका बाईनं त्या गुलाबी पाण्यानं लुगडं रंगेल का विचारलं. मॅडम म्हणाल्या, "रंगेल, टिकायचं नाही." कृषी सेवा केंद्राच्या दुकानदारानं पत्रक उतरवून घडी करून खिशात घातलं आणि कंपनीला विचारतो म्हणाला. पुढच्या महिन्यात कंपनीनं नवं पत्रक काढलं. त्यावर दुसऱ्या एका डॉक्टरांचा फोटो होता. ते हसत होते.

कॉलेजनं मॅडमना मेमो दिला: परवानगीविना सार्वजनिक ठिकाणी प्रयोग करून संस्थेची प्रतिमा मलिन केली, त्याचा खुलासा करावा. मॅडमनी खुलासा म्हणून तो दोन परिच्छेदांचा अहवाल पुन्हा स्वतःच्या अक्षरात लिहून जोडला. पुढे चौकशी समिती नेमली गेली आणि समितीची एकही बैठक झाली नाही. प्रयोगशाळेच्या जागी मात्र नवोपक्रम केंद्र आलं. त्यात दोन सोफे, एक मोठा पडदा आणि भिंतीवर इंग्रजी सुविचार. कलरीमीटर अडगळीच्या खोलीत गेला. जूनमध्ये माझी नेमणूक झाली. यादीत नाव वरच होतं.

मॅडम निवृत्त झाल्या तेव्हा प्राचार्यांनी छान भाषण केलं. "आहेर मॅडम म्हणजे या संस्थेतलं चालतंबोलतं एन्झाइम!" टाळ्या झाल्या. मॅडम उत्तराला उठल्या. शाल खांद्यावरून घसरत होती, ती त्यांनी काढून खुर्चीवर ठेवली.

"एन्झाइम काम संपल्यावर जसंच्या तसं बाहेर पडतं," त्या म्हणाल्या. "मी तशी पडत नाहीये. मी फार चिडलेली आहे. चहा घ्या सगळ्यांनी."

एवढं बोलून त्या खाली बसल्या. मिस्टर पहिल्या रांगेत होते. त्यांनी एकट्यानं टाळी वाजवली.

त्यानंतर दोनेक वर्षांनी, गेल्या पावसाळ्यानंतर, मी त्यांना जुन्या सीबीएस बसस्टँडवर पाहिलं. हरसूलच्या गाडीपाशी उभ्या होत्या, हातात थर्मोकोलचा खोका. केस पुरते पांढरे झाले होते. आठवड्यातून एकदा यमुनाच्या शाळेत जातात हे मला ऐकून माहीत होतं. मी टाळून पुढे गेलो असतो, तेवढ्यात त्यांनीच हाक मारली. खोका धर म्हणाल्या. मी धरला. त्या पर्समध्ये काहीतरी शोधू लागल्या. इकडचं-तिकडचं बोलायचं सोडून माझ्या तोंडून निघून गेलं, "मॅडम, तो दुसरा परिच्छेद मी काढला होता. सहीपण मीच लावली."

त्यांनी मान वर केली नाही. "माहीत आहे."

"कधीपासून?"

"पत्रक पाहिलं त्या दिवसापासून. त्या संगणकाला हात लावणारे विभागात दोघंच. त्यातली एक मी."

"मग विचारलं का नाहीत?"

"विचारलं असतं तर तू खोटं बोलला असतास. मग मला तुझ्याशी बोलणं सोडावं लागलं असतं." त्यांना चष्मा सापडला. "आणि हरसूलला डबा कुणी धरला असता?"

मी म्हणालो, "चुकलं माझं."

"हो, चुकलं," त्या म्हणाल्या. समजूत नाही, माफी नाही, काही नाही. खोका माझ्या हातातून घेतला, पायरीवर चढल्या, दारात अडून उभ्या असलेल्या एका माणसाला कोपरानं बाजूला केलं आणि खिडकीपाशी जाऊन बसल्या. कंडक्टरनं घंटी दिली. गाडी हलली तशी मॅडमनी खिडकीची काच सरकवली आणि डोकं बाहेर काढलं. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील.

"वाघ! शर्टाची बटणं चुकलीत. एक वर लागलंय."

मी खाली पाहिलं. खरंच लागलं होतं. मान वर केली तोवर गाडी त्र्यंबक नाक्याकडे वळली होती.